हौसामावशीच्या घराचे दोन फोटो

गळ्यात कॅमेरा अडकवून मी गल्लीत येताना दिसले, की आमच्या शेजारचे आप्पा स्वतःच्या दारात दोन्ही हात पसरून उभे राहतात. "भाभी, आमच्या घराकडं तेवढं बघू नका हं. तुम्ही फोटो काढला की त्या घराची घटका भरते म्हणं." आप्पांचं घर चांगलं तीन मजली, पुराचं पाणी आत शिरून गेल्यावर पाडून नव्यानं बांधलेलं, पुढं स्टीलचं चकाचक फाटक. मी म्हणते, "आप्पा, तुमच्या घराचा फोटो काढायला मला काय वेड लागलंय? बघण्यासारखं काय आहे त्यात?" मग तेही खूश आणि मीही खूश. आप्पा जैन, शेतकरी माणूस. दिवस मावळायच्या आत जेवून ओट्यावर बसणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खोडी काढणार. मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हापासून आमचा हा खेळ चालू आहे.

पण बाकीचे लोक गंभीरपणे विचारतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. पडक्या घरांत तुम्हाला एवढं काय दिसतं? आणि त्याहून वाईट म्हणजे, "वा, काय सुंदर पडलंय हो घर!" अहो, घर पडलं त्यात सुंदर काय? हल्ली तर लग्न ठरलेली पोरंपोरी फोटोग्राफरला घेऊन पडक्या घरात जातात. ती मुलगी जमिनीवर लोळणारा झगा घालून ज्या कोपऱ्यात मान वाकडी करून उभी राहते, तिथं कुणाच्या तरी तान्ह्या बाळाचं न्हाणं झालेलं असतं. तो मुलगा ज्या उंबऱ्यावर बुटाचा पाय ठेवतो, त्या उंबऱ्याला कुणीतरी रोज हळदीकुंकू वाहिलेलं असतं. माझी नात सना म्हणते, "दादी, तू पण तर तेच करतेस." तेच नाही गं बये. तेच का नाही, ते तोंडी सांगायला गेले की ती मोबाईल बघायला लागते. म्हणून लिहिते.

माझं माहेर कराडचं. पुढं अब्बांचा फोटो स्टुडिओ, मागं आमचं घर आणि दोन्हींच्या मध्ये डार्करूम, असा सगळा एका रांगेतला संसार. स्टुडिओत पडद्यावर रंगवलेला बंगला, जिना आणि तळ्यातलं कमळ होतं. कराडातल्या निम्म्या नवरानवरींनी त्या तळ्याकाठी उभं राहून फोटो काढलेला आहे. फोटो धुवायच्या हायपोचा वास सगळ्या घराला यायचा. अम्मीच्या हातचा खिमा, ज्वारीची भाकरी, ईदचा शीरखुर्मा, सगळ्याच्या मागं तो आंबूस वास असायचाच, आणि बाहेर कुणाकडं जेवले की मला जेवण अळणी वाटायचं. डार्करूममध्ये नळ थेंबथेंब गळायचा, अब्बा गुणगुणायचे, बाहेरून अम्मी ओरडायची, "उघडू का दार?" आणि आतून आम्ही दोघं एकदम ओरडायचो, "नको!" घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, पण ती मी इथं मराठीतच लिहिते, नाहीतर आप्पा वाचताना अडतील.

आणखी एक आवाज त्या घराचा. मधूनच स्टुडिओतल्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा एकदम कुजबुजल्यासारख्या वाजायच्या, फळीवरच्या जर्मनच्या ताटल्या किणकिणायच्या. कोयनेकडं हादरा बसला की तो आमच्याकडं असा काचेवरून पोचायचा. अम्मी हातातली भाकरी तशीच तव्यावर टाकून आम्हाला बाहेर काढायची, गल्लीत सगळी माणसं उभी, कुणी ओल्या केसांनी, कुणी अर्ध्या दाढीनं. थोडा वेळ एकमेकांना हसून पुन्हा आपापल्या घरात. आम्हाला ते हसण्यावारी होतं. पाटणच्या वर, घाटाच्या कडेच्या गावांत ते हसण्यावारी नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अब्बांचं खरं नाव होतं ते रिटचिंगसाठी. निगेटिव्ह काचेवर धरायची, मागून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके देत तोंडावरचे डाग भरायचे. देवीचे वण, कपाळावरची खोक, डोळ्याखालचं काळं, सगळं नाहीसं व्हायचं. लग्न जमत नसलेल्या मुलींच्या आया अब्बांना दुवा द्यायच्या. दहावी झाल्यावर अब्बांनी मला हे काम शिकवायला घेतलं, कारण त्यांची नजर अधू व्हायला लागली होती. कॅमेऱ्याला मात्र हात लावायचा नाही. कॅमेरा दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून डोकवायचा. आणि रोल बारा फोटोंचा. "तू भिंतींवर उडवशील," असं ते म्हणायचे, आणि खोटं नव्हतं ते.

कारण मला भिंतींचं वेड लागलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका तांबट कुटुंबाचं घर होतं. ती माणसं पुण्याला गेली आणि एका पावसाळ्यात त्या घराची रस्त्याकडची भिंत बसली. मी शिवणाच्या क्लासला जाताना थबकलेच. आत्तापर्यंत ज्या घराचं मी फक्त दार बघितलं होतं, त्याचं आतलं सगळं रस्त्यावर आलं होतं. एका खोलीची भिंत निळी, दुसरीची पिवळी. दिवळीच्या वर काजळीचा डाग. कॅलेंडरचा खिळा आणि त्याभोवती कॅलेंडरच्या आकाराची न विटलेली जागा. पाळण्याचं कडं. लहान मुलांनी कोळशानं काढलेली मोटार. त्या घरातली बाई कधी कुणाशी धड बोलायची नाही, गल्लीत तिला शिष्ट म्हणायचे. आणि दिवळीखाली, अगदी जमिनीजवळ, तिनं बोटांनी शेंदराची इवली इवली पावलं काढलेली होती, रांगत्या बाळाला दिसावीत अशी. ती बाई मला तेव्हा कळली. घर उभं असतं तोवर माणूस आपल्याला जे दाखवायचं तेच दाखवतो. हे मला कुणी शिकवलं नाही, मी रस्त्यात उभी राहून बघितलं, आणि मला रडू आलं. अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले बघून मी कॅमेरा उचलला आणि त्या भिंतीवर चार फोटो उडवले. संध्याकाळी डार्करूममध्ये लग्नाच्या फोटोंमागून ते उमटायला लागले तसे अब्बा म्हणाले, "शम्मो, हा नवरा कोण?" आणि मग तासभर बोलणी.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला अब्बांना एक मोठं काम आलं. पाटणच्या वर एका डोंगराच्या उतरणीला लागून असलेल्या गावात हादऱ्यांनी घरं खिळखिळी झाली होती. पावसाळ्याच्या आत धोक्याच्या घरातल्या लोकांना खालच्या माळावर जागा आणि पत्र्याची घरं मिळणार होती. त्यासाठी प्रत्येक घराचा फोटो तालुक्याच्या कचेरीत द्यायचा. फोटोत मोडतोड दिसली की यादीत नाव. गावच्या पाटलांनी अब्बांना बोलावलं, आणि रिफ्लेक्टर धरायला म्हणून मी सोबत. कराडहून पाटणची एसटी, तिथून कोयनानगरकडं जाणारी दुसरी, फाट्यावर उतरून चढण. मला वाटलं, एक अख्खं पडकं गाव बघायला मिळणार. मनातून मी हरखले होते, ते आज लिहायला हात अडखळतो. पण हरखले होते.

गावात पाऊल ठेवलं आणि अब्बांनी कपाळावर हात मारला. फोटोवाला येणार म्हणून आख्ख्या गावानं घरं सारवली होती! भेगा शेणमातीनं लिंपलेल्या, वरून पांढऱ्या मातीचा हात, खाली गेरूचा पट्टा, दारात रांगोळ्या. बाया नव्या लुगड्यांत, पोरांच्या केसांना चपचपीत तेल. पाटील मिशीला पीळ देत म्हणाले, "मी सांगितलंच हुतं समद्यांस्नी, फोटू निघणार हाय, गावाची शोभा व्हाया नगं." अब्बा म्हणाले, "आवं पाटील, शोभा व्हायला पाहिजे होती! त्याच्यासाठीच तर मी आलोय." हळूहळू गावाच्या लक्षात आलं. पुरुषांनी पहारी घेऊन लिंपण पाडलं, काही घरांचे कोपरे तर एवढे ढासळलेले होते, की सारवून झाकण्यासारखे नव्हतेच. दुपारपर्यंत बहुतेकांचे फोटो झाले.

राहिलं ते शेवटचं, डोंगराला पाठ लावून असलेलं हौसाबाईचं घर. ते लखलखत होतं. पस्तिशीची, काटक, करारी बाई. नवरा मुंबईला माथाडी, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. पोरं दोन, सुरेखा आणि बाळू. अब्बांनी मागची भिंत हातानं चाचपली आणि म्हणाले, "बाई, ही भिंत बाहेर आलीय. हे लिंपण पाड, म्हणजे दिसेल."

"न्हाई पाडायची," हौसाबाई म्हणाली. "ह्या भिंती मी आन त्येंनी आमच्या हातानं घातल्यात. माती मी तुडिवली, पोटात सुरेखा हुती तवा. त्ये तिकडं खोलीत धा जणांत आंग चोरून निजत्यात. ह्या फोटूची एक कापी त्येंला मुंबैला जायाची हाय. त्येंनी चार जणांत म्हणावं, ह्यो बगा माजं घर. आन मी त्येंला फुटकं घर धाडू व्हय?"

"अगं, पण कचेरीत?"

"भिंत फुगलीया, आंधळ्याला बी कळंल. सायबाला कळंल."

अब्बांनी पुष्कळ सांगितलं. ती ऐकायची नाही. मग त्यांनी हात टेकले आणि तिला हवा तसा फोटो काढला: दारात ती, दोन्हीकडं पोरं, मागं शुभ्र भिंत. एक मागच्या भिंतीचाही काढला. पण पांढऱ्यावर दुपारचं ऊन, फुगवटा कसला दिसतोय? डार्करूममध्ये तो कागद वर आला तेव्हा अब्बा पुटपुटले, "सगळ्या कामात हा फोटो सगळ्यात चांगला आलाय, आणि हाच बाईला बुडवणार."

तसंच झालं. पंधरवड्यानं हौसाबाई स्टुडिओच्या दारात उभी. घामानं डबडबलेली, चप्पल हातात. कचेरीतल्या साहेबानं फोटो बघून तिचं नाव यादीबाहेर ठेवलं होतं. साहेब दुष्ट नव्हता, तिनंच सांगितलं, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, मला दिसेल तेच मी लिहिणार. तुमचं घर माझ्या घरापेक्षा बरं आहे. खरंच पडायला आलं असेल, तर दिसेल असा फोटो आणा, आठवड्याच्या आत." आख्खं गाव माळावर जाणार आणि वर डोंगराखाली ती एकटी, दोन पोरांना घेऊन, त्या भिंतीच्या सावलीत पावसाळा काढणार होती.

तिनं पदरातून तो फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला. "दादा, तुमी म्हणं तोंडावरलं डाग घालिवता पेनसलीनं. मग माज्या भितीवर भेगा काडून द्या. खोट्या न्हाई मागत. हायत तेवड्याच काडा. मी सांगती कुटनं कुटवर ते."

मी अब्बांकडं बघितलं. एवढी वर्षं ते लोकांच्या रेघा पुसत आले होते, आणि पहिल्यांदा कुणी रेघ ओढून मागत होतं. त्यांनी फोटो उजेडात धरला. म्हणाले, "बाई, मी डाग काढतो. घालत नाही. तुझी भेग खरी आहे, मला ठाऊक आहे. पण माझ्या पेन्सिलीची भेग खोटीच. उद्या कुणाच्या लक्षात आलं तर तुझंच नाही, सगळ्या गावाचे फोटो खोटे ठरतील."

हौसाबाई तिथंच खाली बसली. रडली नाही, नुसती त्या रंगवलेल्या तळ्याकडं बघत बसली. आतून अम्मी आली. मटणाचं भांडं झाकून बाजूला सारलं, गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत ताटलीत घालून तिच्यापुढं ठेवलं, आणि स्वतः पाटावर बसून तिला वारा घालायला लागली. हौसाबाई जेवली. शेवटचा घास हातात धरून म्हणाली, "वयनी, माजाच हात लई चांगला हाय गं सारवायचा. त्येच नडलं."

लग्नसराई ऐन भरात होती. अब्बांची रोजची दोनदोन लग्नं ठरलेली, त्यांना तिकडं जाणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी ते हात धुऊन आले, कॅमेरा कपाटातून काढला, त्यात नवा रोल भरला आणि माझ्या गळ्यात पट्टा अडकवला. अम्मी खवळली. "पोरीच्या जातीला एकटीला डोंगरात पाठवता? डोकं ठिकाणावर आहे का?" अब्बा म्हणाले, "एकटी कुठं? हौसाबाई आहे." आणि मला म्हणाले, "भिंतींवर उडवायचं होतं ना तुला? जा, उडव. पण रिकाम्या हातानं येऊ नकोस." मी दोन्ही हातांनी कॅमेरा पोटाशी धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी. हौसाबाईला मी मावशी म्हणायला लागले होते. घरी पोचलो तेव्हा शेजारणीनं पोरांना सकाळच्या शाळेत पिटाळलं होतं. मावशीनं खुरपं घेतलं आणि मागच्या भिंतीपुढं उभी राहिली. हात वर नेला आणि खाली घेतला. पुन्हा नेला. "तू कर गं पोरी." मी खुरपं घेतलं, पण मलाही धीर होईना, तिच्या बोटांचे सगळे फराटे त्या मातीत उमटलेले होते. शेवटी तिनंच डोळे मिटून ओढलं. ढपली पडली. आणि पडली तरी काय उपयोग? भेगेत तिनं माती एवढी ठासून भरली होती, की दिसायला नुसता खुरप्याचा ओरखडा. कुणीही म्हणालं असतं, बाईनं यादीत यायला मुद्दाम भिंत खरवडली. मी वरून डोकवून बघत होते आणि त्या काचेवर मला एक खोटी भिंत दिसत होती. माझा धीर सुटला. इतकं लांब येऊन मी तिच्या नवऱ्याची भिंत तेवढी विद्रूप केली होती.

"ऱ्हाऊ दे," मावशी म्हणाली. "च्या घे आदी. तोंड सुकलंय तुजं."

ती मला आत घेऊन गेली. कोंबड्या शिरतात म्हणून तिनं दार लोटलं. चुलीत काटक्या सारल्या, धूर झाला. माझे डोळे अंधाराला सरावले, आणि मी चहा घ्यायला विसरले. मागच्या भिंतीच्या वर, वाशांच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडाचा एक लांबलचक पट्टा होता. बाहेरून पुढं आलेल्या कौलांनी तो झाकला होता आणि आत सारवायला मावशीचा हात तिथवर पोचला नव्हता. भिंत छपराला सोडून बाहेर कलली होती. मध्ये सहज हात जाईल एवढी फट. त्या फटीतून ऊन तिरकं खाली येत होतं आणि चुलीचा धूर त्यातून वर चढताना दिसत होता.

"मावशी, हे काय?"

"त्यो उजेड व्हय?" तिनं वर बघितलंही नाही. "त्यो लय दिसापास्नं हाय. आदी सुतळीवानी हुता. दर हादऱ्याला वाईच वाईच वाडत गेला. माजं घड्याळच हाय की त्ये. सकाळी उतरंडीवर असतोय, मग सरकत सरकत जात्यावर आला की साळा सुटायची येळ. तवा मी भाकरी तव्यावर टाकती."

ज्या फटीतून तिचं मरण आत येणार होतं, तिच्यावर ती पोरांच्या भाकरीची वेळ बघत होती. "मावशी, एवढं दिसत होतं तर कचेरीत का नाही सांगितलं?"

"आगं, घराचा फोटू बाहीरनं काडत्यात. चुलीम्होरला कोण काडतंय?"

अब्बांनी मला अंधारातला फोटो कसा काढायचा ते सांगितलेलं होतं: कॅमेरा हलता कामा नये, आणि शटरची झडप घोटभर गरम चहा गिळायला लागतो तेवढा वेळ उघडी ठेवायची. मी एक घमेलं पालथं घातलं, त्यावर कॅमेरा टेकवला. मावशीला म्हणाले, फटीची उंची कळायला भिंतीपाशी उभी राहा. ती लाजली. उतरंड नीट करायला धावली, वलणीवरचं लुगडं काढायला लागली. मी म्हणाले, "काही हलवू नकोस. असू दे सगळं." तेवढ्यात उजेड सरकत सरकत जात्यावर आला. ती सवयीनं खाली बसली आणि परात पुढं ओढली. मी झडप उघडली, मनातल्या मनात चहाचा घोट घेतला आणि सोडली.

तो फोटो अब्बांनी स्वतः धुतला. लाल दिव्याखाली आधी तो पट्टा उमटला, मग धूर, मग वासे आणि त्यांना सोडून निघालेली भिंत, मग जातं, आणि शेवटी खाली वाकलेली मावशी. अब्बांनी सवयीनं पेन्सिल हातात घेतली होती. ती त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "यात काढण्यासारखं काही नाही." माझ्या आयुष्यात मला त्याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही, आणि आता मिळायचंही नाही.

साहेबानं फोटो दोनदा फिरवून बघितला, विचारलं, हा उजेड कसला? मावशीनं सांगितलं. तो स्वतः चढण चढून आला, आत जाऊन स्टुलावर उभा राहिला, फटीतून हात घातला, आणि बाहेर उभ्या असलेल्या पाटलांना त्याची बोटं दिसली. मावशीचं नाव यादीत गेलं. माळावर पत्र्याचं घर मिळालं. ऐन पावसाळ्यात वरचं ते घर मागच्या भिंतीसकट बसलं, तेव्हा आत कुणी नव्हतं. हे सांगायला मावशी नाचणीचं गाठोडं घेऊन कराडला आली होती. पायरीवरूनच म्हणाली, "वयनी, गेली बगा भीत," आणि मग अम्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडली! जीव वाचला म्हणून नव्हे. भिंत गेली म्हणून.

पुढं माझं लग्न झालं, सांगलीला आले, कॅमेरा सोबत आला. तो आतला फोटो तेव्हापासून माझ्या भिंतीवर आहे. त्यानंतर मी पुष्कळ घरं काढली. वारणाकाठची, पुरानं सोडलेली, वाटण्यांत अडकलेली. पण एक पथ्य पाळलं. आधी त्या घरात कोण राहत होतं ते विचारायचं. माणूस सापडलं नाही तर झडप उघडायची नाही. सनाला हेच सांगायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात सनानंच मला गाडीतून तिकडं नेलं. माळावर आता पक्की घरं आहेत. मावशी हयात आहे. वाळून एवढीशी झालीय, ऐकू कमी येतं. नवरा गेला. बाळू नवी मुंबईत, सुरेखा तासगावला दिलेली. भिंतीवर नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोशेजारी अब्बांनी काढलेला फोटो होता: दारात ती, दोन्हीकडं पोरं, मागं शुभ्र भिंत. मुंबईच्या खोलीत तो वर्षानुवर्षं होता, नवऱ्याच्या सामानातून परत आला. मी म्हणाले, "मावशी, किती छान दिसतंय घर." ती म्हणाली, "व्हय. समद्यांस्नी दावायला बेस हाय." मग माझा हात धरून जवळ ओढलं. "पोरी, तू आतला काडला हुतास त्यो हाय का गं? माजा सायबानं ठेवून घेतला."

मी तो आणलाच होता. मोठा करून, काचेत बसवून. खरं सांगायचं तर भीत भीत आणला होता; ज्या घरानं तिला एवढं रडवलं, त्याची ती फट तिच्या पुढ्यात कशी ठेवायची? तिनं तो मांडीवर घेतला. पदरानं काच पुसली. धुरावरून, उतरंडीवरून बोट फिरवत फिरवत ती त्या उजेडाच्या पट्ट्यापाशी आली आणि त्याच्यामागून हळूहळू खाली सरकली.

"जात्यावर आलाय बग," मावशी म्हणाली, आणि एकदम दाराकडं बघितलं. "साळा सुटली. पोरं येतील आता."